फोनवर टाकलेले पाचशे एक

मुलगी बघायला आलेल्या माणसांना मुलीनंच सांगावं, की पैसे हातावर ठेवू नका, माझ्या फोनवर टाका, ही रीत मी जन्मात ऐकली नव्हती. ती मी ऐकली अक्कलकोटच्या पुढच्या एका गावात, गुरुनाथ कोऱ्यांच्या पुढच्या खोलीत, उपिटाची बशी हातात धरून.

सुरुवात आमच्याच बाजूनं झाली होती, तेही सांगते. नाहीतर म्हणाल, गंगव्वा हत्तुरे स्वतःच्या पोराचं झाकते आणि दुसऱ्याच्या लेकीचं उघडं करते.

माझा धाकटा मल्लिनाथ तेव्हा एकतीसचा होता. चांगला कमावता, पण खिशात रुपया ठेवायचा नाही. खिसा म्हणजे त्याच्या फोनची झोपायची जागा. दूधवाल्याला फोनवरून, पेट्रोलला फोनवरून, न्हाव्याला फोनवरून. दही आणायला कोपऱ्यावर पाठवलं तर जायचा नाही, फोनमधून मागवायचा. मग कुणीतरी हेल्मेटवाला गाडी उडवत यायचा आणि आमच्याच कोपऱ्यावरच्या दुकानातलं दही आमच्या दारात देऊन जायचा, वर पंधरा रुपये जास्त घेऊन. मी विचारलं, "अरे, पाय कशाला दिलेत देवानं?" तर म्हणे, "गाडीचा ब्रेक दाबायला."

त्या दिवशी सकाळी त्याला मी तीनदा सांगितलं होतं. पाचशेची कोरी नोट घे आणि वर बंदा रुपया घे. मुलगी बघून झाली की मुलाकडच्यांनी तिच्या हातावर पैसे ठेवायचे असतात. पसंत असो, नसो. कुणाच्या लेकीला समोर बसवून वरून खाली बघायचं आणि रिकाम्या हातानं उठायचं, हे आमच्यात बसत नाही. तिन्ही वेळा तो "हो अव्वा" म्हणाला. आमच्यात आईला अव्वा म्हणतात, आणि माझ्या पोरांच्या तोंडी "हो अव्वा" म्हणजे ऐकलं नाही.

तर बघणं झालं. मुलगी शिवलीला. रंगानं सावळी, हाडापेरानं मजबूत, आमच्या सोलापूरलाच एका औषधाच्या एजन्सीत हिशेब लिहायची. विचारलं तेवढ्याचं उत्तर देत होती. मी मल्लिनाथला कोपरानं ढोसलं, की ठेव आता. तो खिसा चाचपायला लागला. पुढचा, मागचा, शर्टाचा. शेवटी फोन काढून माझ्याकडे बघत बसला.

"काय बघलालास?" मी हळूच म्हटलं.

"अव्वा, तुझ्याकडे असतील ना?"

होते. कमरेच्या पिशवीत चांगले हजार-बाराशे होते. पण मी काढले नाहीत. "ज्याचं लग्न त्याचा खिसा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. चारचौघांत जरा उतरावी त्याची, म्हणजे पुढच्या वेळी लक्षात राहील.

आमच्याबरोबर चन्नप्पा होता, माझ्या मालकांचा चुलतभाऊ. लग्नं जुळवणं हाच त्याचा धंदा. त्यानं घाईघाईनं स्वतःची नोट काढली. "वहिनी, राहू दे. मी ठेवतो. घरचंच आहे."

तेव्हा ती पोरगी बोलली. "नको मामा. त्यांना फोनवरच टाकू दे."

वर पंखा फिरत होता, चन्नप्पाच्या हातातली नोट फडफडत होती. तिचा बाप हसल्यासारखं करून म्हणाला, "असं कसं गं. आणि टाकायचेच असले तर माझ्या फोनवर टाका की जावईबा... की पाहुणे. तुझ्या फोनला चार्जिंग नसेल."

"आहे की. सत्तर टक्के आहे."

ती उठली, आतून फोन घेऊन आली आणि त्यातलं ते चौकोनी काळं-पांढरं जाळं मल्लिनाथसमोर धरलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, लेकीच्या आगाऊपणाची लाज वाटली असेल. मला तरी वाटली असती.

मल्लिनाथनं आपला फोन त्या जाळ्यावर धरला आणि थांबला. चांगला थांबला. एवढा वेळ मी त्याला कधी कशापुढे थांबलेला बघितला नव्हता.

"काय रे, रेंज नाही का?"

"आहे."

त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. अख्ख्या कार्यक्रमात पहिल्यांदा बघितलं म्हणाना. ती पण बघत होती, सरळ, पापणी न पाडता.

"हेच ना?" त्यानं विचारलं.

"हेच. नीट वाचून घ्या. एकदा गेले की परत येत नाहीत."

"वाचलं."

"मग बघा, टाकायचे का."

त्यानं अंगठा दाबला. तिचा फोन चिमणीसारखा वाजला. "पाचशे एक," तो म्हणाला. "आले," ती म्हणाली. गुरुनाथ कोऱ्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि चन्नप्पानं आपली नोट घडी करून परत खिशात ठेवली. मी उपीट संपवलं. मीठ कमी होतं.

परतताना गाडीत मी सुरू केलं. "काय ठसका तो. फोनवर टाका म्हणे. उद्या सासूला म्हणेल, हळदीकुंकूही फोनवरच पाठवा."

मल्लिनाथ गाडी चालवत होता. म्हणाला, "अव्वा, मला हीच करायची आहे."

आता हे समजायला तुम्हाला मागचं सांगायला पाहिजे. याच्या आधी अकरा मुली बघून झाल्या होत्या. अकराही वेळा तो म्हणाला होता, "तू बघ." हा आंब्याच्या पेटीतला एक आंबाही स्वतः न निवडणारा पोरगा. आणि निवडणं मला जमायचं. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, ती पण पाऊस नसेल तेव्हा. मराठी पाटी बोट ठेवून वाचते, सही करते, इंग्रजीच्या वाटेला जात नाही. पण माणूस मी उभ्याउभ्या वाचते. नवरा गेल्यावर कडक भाकरीचा धंदा काढला. ज्वारीची भाकरी आधी तव्यावर भाजायची, मग निखाऱ्यावर वाळवून पापडासारखी कुरकुरीत करायची. महिनाभर टिकते. त्या धंद्यात उधार कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे मी तोंडावरून ओळखत आले. माझं फसलेलं मला आठवत नाही.

चन्नप्पाला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. मुलगी काळी चालेल, गरीब चालेल, माझ्यासारखी नापास चालेल. लग्न मात्र पहिलं पाहिजे. तरी आदल्या वर्षी त्यानं एक सोडचिठ्ठी झालेली मुलगी सुचवलीच. तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं होतं, "चन्नप्पा, ओटीत फुटका नारळ घालतात का रे?" त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. माझं काम तसं एका वाक्यात होतं.

तर गाडीत मी जरा विचार केला. पोरगं जन्मात पहिल्यांदा "मला पाहिजे" म्हणालं होतं. पोरगी आगाऊ होती, पण आगाऊपणा मला घासूनपुसून घेता येतो. मी मागे वळून चन्नप्पाला म्हटलं, "मुलगी तोंडाळ आहे. पण डोळ्यांत खोट नाही. मी सांगते तुला."

चन्नप्पाला ठसका लागला. मी त्याला पाण्याची बाटली दिली.

लग्न झालं. शिवलीला घरात आली आणि सहा महिन्यांत तिनं माझा धंदा फोनमध्ये घातला. पुण्याच्या, हैदराबादच्या ऑर्डरी यायला लागल्या. भाकऱ्या खोक्यात भरायच्या, पत्ता चिकटवायचा, कुरियरवाला दारातून घेऊन जायचा. मी म्हणायचे, "फोनवर भाकरी थापता येते का तेही बघ एकदा." ती म्हणायची, "बघते अव्वा. तोवर तुम्ही थापा." एजन्सी सोडायला मी सांगितलं नव्हतं, तिनंच सोडली.

दुकानात मल्लिनाथच्या नावाची जाळ्याची पाटी लागली आणि शेजारी एक खोका बसला. पैसे आले की तो ओरडायचा. पहिल्या दिवशी मी त्याच्यावर फडकं टाकलं. म्हटलं, माझ्या गल्ल्यात किती पडले हे गावाला कशाला सांगायचं. पण खोटं कशाला बोलू, महिन्याभरानं माझी गत अशी झाली, की खोका ओरडल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हातात पुडी देईना. रोख नोट देणाऱ्यालाही मी क्षणभर थांबवून ठेवायचे, खोक्याची वाट बघत.

चार वर्षं अशी गेली. मग तो रविवार.

होम मैदानावर बचत गटांचं प्रदर्शन होतं. मल्लिनाथ आणि शिवलीला तिथं आमचा स्टॉल लावायला गेले आणि जाताना पाटी आणि खोका दोन्ही उचलून घेऊन गेले. दुकानात मी एकटी होते. चारच्या सुमाराला कस्तुरी टीचर आल्या. आमच्या मागच्या गल्लीत राहतात, रिटायर झाल्यात. चांगलं कळतं त्यांना, सगळ्यांचं सगळं कळतं. मुलगा पुण्याला निघाला होता, वीस भाकऱ्या आणि अर्धा किलो शेंगाचटणी पाहिजे होती.

मी चटणीची पुडी बांधली आणि भाकऱ्या काढायला घेतल्या. टीचरनी पर्समधून फोन काढला.

"आज रोख द्या टीचर. खोका नाही."

"रोख कुठली अव्वा. मी बँकेत शेवटची कधी गेले आठवत नाही."

"मग पुडी ठेवून जावा."

"गाडी आहे हो त्याची साडेपाचला. कुणाचा तरी नंबर द्या की, नंबरावर जातात."

मल्लिनाथचा नंबर मला पाठ नाही, तो बदलत असतो. शिवलीलाचा भिंतीवर खडूनं लिहिलेला होता, ऑर्डरीसाठी. तो दाखवला. टीचरनी चष्मा चढवला आणि एकेक आकडा दाबला.

"थांबा हं, नाव काय येतंय बघते. हल्ली नाव वाचल्याशिवाय टाकायचे नाहीत, भलत्याला जातात." मग त्यांनी वाचलं. "शिवलीला बसवराज माळगे. बरोबर ना?"

"नाही. शिवलीला मल्लिनाथ हत्तुरे."

"इथं माळगे येतंय."

"आकडा चुकला असेल."

टीचरनी भिंत आणि फोन दोन्ही परत बघितले. "आकडा बरोबर आहे. आणि शिवलीला तर शिवलीलाच आहे. बँकेत जे नाव असतं तेच इथं येतं अव्वा, आपण काही लिहायचं नसतं."

"परत वाचा."

"शिवलीला. बसवराज. माळगे. इंग्रजीत आहे, पण स्वच्छ आहे."

बाईच्या नावापुढे आधी बापाचं नाव असतं, मग नवऱ्याचं. बाप गुरुनाथ कोरे. नवरा मल्लिनाथ हत्तुरे, तो मी स्वतः जन्माला घातलाय. मग बसवराज माळगे कोण, हे विचारायला मला कुणाकडे जायची गरज नव्हती. मला ती पुढची खोली दिसली. फिरणारा पंखा, पदर तोंडाला लावलेली आई, टॉवेलनं घाम पुसणारा बाप, ठसका लागलेला चन्नप्पा. आणि फोन धरून थांबलेला माझा पोरगा. आम्ही सहा जण होतो तिथं. पाच जणांना ठाऊक झालं होतं. सहावी मी होते, माणसं वाचणारी.

टीचर चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. अंगठा फोनवर अधांतरी होता. "काय करू अव्वा? टाकू का नको?"

मी नको म्हणाले असते, तर टीचर मागच्या गल्लीत पोचायच्या आत गल्लीला कळलं असतं की हत्तुऱ्यांच्या सुनेच्या नावात काहीतरी लोचा आहे. आणि चार वर्षं ती पोरगी माझ्याशेजारी बसून निखाऱ्यावर भाकऱ्या उलटत होती. माझ्या गुडघ्याला रात्री तेल तीच लावायची. मी किती वेळ थांबले मला माहीत नाही. मल्लिनाथ थांबला होता तेवढीच थांबले असेन.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "टाका."

"पण माळगे कोण?"

"टीचर, तुम्हाला भाकरी न्यायची आहे का सोयरीक जुळवायची आहे? गाडी साडेपाचला आहे ना?"

त्यांनी टाकले. मी भाकऱ्या पुडीत भरून दिल्या. त्या गेल्यावर मी रॅकवरच्या भाकऱ्या मोजल्या. वीसच्या ऐवजी चोवीस बांधून दिल्या होत्या.

सहाला दोघं आले. मल्लिनाथ खोका परत जागेवर लावायला लागला, शिवलीला उरलेल्या पुड्या मांडत होती. चांगला खप झाला होता, हसत होती.

"टीचर येऊन गेल्या," मी म्हटलं. "तुझ्या नंबरावर टाकले त्यांनी. नाव वाचून टाकले."

पुडी तिच्या हातातच राहिली. मल्लिनाथ वळला, पण मी त्याला हात केला. "तू थांब. तुला थांबायची सवय आहे. त्या दिवशी रेंज होती ना?"

"होती," तो म्हणाला.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू रेंजचंच विचारलंस, अव्वा."

माझाच पोरगा. दुसरं काय बोलणार.

शिवलीलानं पुडी खाली ठेवली. "मी सांगणार होते. चन्नप्पामामांनी बाबांना सांगितलं होतं, की पहिल्या लग्नाचं कळलं तर तुम्ही उंबरा चढणार नाही. तुम्ही काहीतरी म्हणाला होतात, नारळाचं."

"म्हणाले होते."

"बाबांनी मला आईच्या गळ्याची शपथ घातली. तोंडातून शब्द काढायचा नाही. मी काढला नाही. पण फसवून पण यायचं नव्हतं. खातं एजन्सीत लागले तेव्हाचं, त्या नावावर. ह्यांचा खिसा रिकामा निघाला, आणि मला ते सुचलं. म्हटलं, वाचून उठून गेले तर गेले."

"किती दिवस होतीस तिथं?"

"अकरा महिने."

"मारायचा?"

"नाही. बोलायचाच नाही. माझ्याशी नाही. घरात बाकी सगळ्यांशी बोलायचा."

"आणि हा काय भाषणं देतो?"

ती मल्लिनाथकडे बघून म्हणाली, "हे बोलत नाहीत. पण दिलेलं वाचतात."

खोका मध्येच ओरडला, चालू झालो म्हणून. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

"चार वर्षं झाली," मी म्हटलं. "नाव बदलून घ्यायला काय झालं होतं? सगळं फोनवर करता. घरात मीठ संपलं तर फोनवर. हे नाही झालं फोनवर?"

"हे फोनवर होत नाही. बँकेत जाऊन कागद द्यावे लागतात. दोनदा जाऊन आले. सोडचिठ्ठीचा कागद माझ्याकडे आहे. आपल्या लग्नाचा दाखला लागतो." तिनं माझ्या कमरेकडे बघितलं. "तो तुमच्या कपाटात आहे. कशाला पाहिजे म्हणून विचारलं असतंत."

विचारलं असतंच. माझ्या कपाटातून न विचारता वारंही बाहेर जात नाही. किल्ली माझ्या कमरेला होती, त्या दिवशीही, चार वर्षंही.

मी आत गेले. कपाट उघडून प्लॅस्टिकच्या पिशवीतला दाखला काढला. त्यावरचं मराठी मला वाचता येत होतं. बोट ठेवून वाचलं, तिचं नाव होतं तिथपर्यंत. कोरे लिहिलं होतं. चन्नप्पानं कागदपत्रं केली होती, तो कुठं चुकणार. बाहेर येऊन तो कागद तिच्या हातात दिला.

"उद्या अकराला बँकेत जायचं. मी पण येणार. तिथल्या माणसाला विचारायचंय, की एवढं मोठं नाव दाखवता तर ते मराठीत दाखवायला काय होतं."

तिचे डोळे भरले होते. तिनं वाकायला सुरुवात केली, पायाला हात लावायला. मी खांद्याला धरून तिला उभं केलं, कारण मला जे सांगायचं होतं ते खाली बघणाऱ्या माणसाला सांगता येत नाही.

"शपथ मोडली नाहीस. फसवलंही नाहीस. नारळाचं मी बोलले होते, ते माझं मी बघते, चन्नप्पाशी आणि गल्लीशी. पण तुझं एक चुकलं, आणि ते मी सोडणार नाही. त्या खोलीत वाचता न येणारी एकटी मी होते, आणि तू खरं सांगितलंस ते ज्याला वाचता येतं त्याला. यापुढे या घरात खरं सांगायचं असेल तर मला सांगायचं, तोंडानं, आणि माझ्या भाषेत. इंग्रजीतलं खरं मी धरत नाही."